करवंदेबाईंची बदली

ताई,

तू गेल्यापासून घरी भेटायला येणाऱ्या माणसांची मोठी पंचाईत झाली आहे. दारात येतात तेव्हा चेहरे रीतसर पडलेले असतात. खुर्चीच्या टोकावर बसतात, 'वाईट झालं हो' म्हणतात. मग कुणाला तरी तुझं काहीतरी आठवतं. तो सांगायला लागतो, शेजारचा त्यात भर घालतो आणि बघता बघता सगळी पडवी हसायला लागते. मग एकदम आपण कुठे आलोय ते लक्षात येतं आणि सगळे गप्प. काल बोर्लीहून आलेल्या दोघी हसता हसता रडायला लागल्या आणि मला विचारतात, "बाई, आमचं चुकलं का?" मी म्हटलं, "नाही. बसा. चहा घ्या." याच्या पुढचं मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे.

म्हणून लिहिते आहे.

पेपरांनी पुष्कळ छापलंय. नाटकं, मालिका, बक्षिसं, सगळं आहे त्यात. एकाने तर 'महाराष्ट्राला नखं कापायला लावणारी अभिनेत्री' असं लिहिलंय. तुला आवडलं असतं. मी त्यात भर घालणार नाही. मला एवढंच सांगायचंय की टीव्हीवरच्या तुझ्या करवंदेबाई का गेल्या. इतकी वर्षं लोकांनी त्याचं खापर चॅनलवर फोडलं आणि तू फोडू दिलंस. ते खापर माझं आहे. तू असताना हे सांगायला माझी जीभ उचलली नाही.

आपल्या घरात कुणी कुणाशी थेट बोलायचं नाही, हे तू मुलाखतींत रंगवून सांगायचीस. बाबांना आईचा राग आला की ते मला हाक मारायचे, "शैले, तुझ्या आईला सांग, आमटी खारट झालीय." आई तिथेच, हातात डाव घेऊन उभी. मी आईकडे वळून म्हणायचे, "आई, बाबा म्हणतात आमटी खारट झालीय." आई म्हणायची, "त्यांना सांग, उद्या अळणी करते." तू ताटावर मान खाली घालून हसू दाबायचीस आणि तुझ्या नाकातून ताक यायचं. मला मात्र यात विनोदी काय आहे ते कधी कळलंच नाही. मी घरची पोस्टमन होते. पोस्टमनने पत्र वाचून हसायचं नसतं.

तू तेव्हापासूनच सगळ्यांच्या नकला करायचीस. सुपारी सोलायला बायका पडवीत बसल्या की एकेकीच्या समोर उभी राहून तिचीच नक्कल. आधी त्या रागवायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच मागे लागायच्या, "कुंदे, माजी कर गो, माजी राहिली." तुझा एक नियम होता. जो समोर नाही त्याची नक्कल करायची नाही. पाठीमागे केली तर ती चहाडी, असं तू म्हणायचीस. एवढीशी होतीस, पण या एका बाबतीत आपल्या देवळातल्या पुजाऱ्यापेक्षा तुझं सोवळं कडक होतं.

तू नाटकात काम करायला मुंबईला जायचं ठरवलंस तो दिवस मला स्वच्छ आठवतो. तू माजघरात बॅग भरत होतीस. बाबा ओटीवर. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तिला सांग, गेली तर या घराचा उंबरा पुन्हा चढायचा नाही." मी आत आले. ओटीवरून माजघरात येईपर्यंत ते वाक्य माझ्या तोंडात बदललं. मी म्हटलं, "ताई, बाबा म्हणतात सांभाळून जा. पोचलीस की कळव."

तू मटकन खाली बसून रडलीस. मला वाटलं, आता पकडली जाणार मी. पण आपल्या घरात निरोपाची खातरजमा कुणी करत नसे. दुसऱ्या दिवशी वाण्याच्या दुकानात तुझा फोन आला. बाबा धावत गेले, काहीतरी वाईट घडलं असणार म्हणून. तू म्हणालीस, "बाबा, पोचले. तुम्ही म्हणाला होता ना, कळव म्हणून." वाणी सांगायचा, बाबांनी रिसीव्हर एका कानावरून दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "जेवलीस का?" घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या दिवशी आमटीबद्दल काहीही बोलले नाहीत.

तू पुढे प्रत्येक मुलाखतीत सांगितलंस, "माझे वडील जुन्या वळणाचे, पण निघताना म्हणाले, सांभाळून जा." मी ते तसंच राहू दिलं. त्या खोट्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. सांगते एवढ्याचसाठी, की माझ्या तोंडून आलेल्या निरोपावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, हे तू तिथून शिकलीस.

सुरुवातीला तुला मोलकरणींचीच कामं मिळाली. तुझं एक नाटक अलिबागला आलं तेव्हा मी आणि आई एसटीने गेलो होतो. तू ट्रे घेऊन आलीस, "चहा ठेवू की नेऊ?" एवढंच म्हणालीस आणि गेलीस. थिएटर कोसळलं. मला कळेना, यात हसण्यासारखं काय होतं. आत येऊन मी तुला तेच विचारलं. तू तोंडावरचा रंग पुसत म्हणालीस, "शैलू, ती मोलकरीण विनोदी नाहीच आहे. तिला फक्त घाई आहे. घरी तिचं मूल तापाने फणफणलंय. हे नाटकात कुठे लिहिलेलं नाही, लोकांना माहीत नाही, मला माहीत आहे." मी म्हटलं, "मूल आजारी आहे आणि लोक हसतात?" तू म्हणालीस, "लोक तिच्या घाईला हसतात. मुलाला मी सांभाळते."

त्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा लागला.

मग तुझा टीव्हीवरचा कार्यक्रम आला. शनिवारी संध्याकाळी आपल्या वाडीपासून कोळीवाड्यापर्यंत सगळ्या घरांतून तुझाच आवाज यायचा. मुरुडला मैत्रिणीकडे गेले तर तिथेही तू. एकदा तू मला शूटिंग बघायला घेऊन गेलीस. प्रेक्षकांतून एका बाईला तू वर बोलावलंस. साधी बाई, नवीकोरी साडी, पिनांनी जखडलेला पदर. दिव्यांखाली आल्यावर तिला स्वतःचं नाव आठवेना. लोक हसायच्या बेतात होते. तू एकदम कपाळाला हात लावलास आणि म्हणालीस, "अगंबाई, माझं नाव काय हो? कुणी सांगेल का? मी कोण आहे इथे?" आणि सगळे तुला हसले. तेवढ्यात त्या बाईला तिचं नाव आठवलं. तिने ते इतकं ठणकावून सांगितलं, की टाळ्या तिलाच पडल्या. मी अंधारात बसले होते. माझी छाती अभिमानाने इतकी भरून आली की श्वास घ्यायला जागा नव्हती. हे मी तुला बोलले नाही. बाहेर आल्यावर म्हटलं, "एसी फार होता."

आणि मग एका शनिवारी करवंदेबाई आल्या.

तू आधी फोन केला होतास. "शैलू, एक नवी बाई आणतेय. नक्की बघ." मी बघितलं. अंबाड्यात पेन खोचलेलं. कमरेला रुमाल. उजव्या अंगठ्याने पदराचं टोक चोळायची सवय. एक अतिशय मोठा नट पाहुणा म्हणून आला होता, त्याला तू दारातच थांबवलंस आणि म्हणालीस, "नखं दाखवा." त्याने मुकाट दोन्ही हात पुढे केले. मग तू त्याला काहीतरी समजावलंस आणि विचारलंस, "कळलं?" तो म्हणाला, "कळलं." तू म्हणालीस, "काय कळलं?"

माझ्यासारख्या प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या बाया बऱ्याच असतात. सोमवारी नखं सगळ्याच तपासतात. पण तो अंगठा माझा होता, ताई.

मी तुला फोन करून म्हटलं, "तुझाच नियम तू मोडलास. मी समोर नव्हते." तू हसलीस. "होतीस की. टीव्हीसमोर." मी फोन ठेवून दिला. तो वाद आपण कधी पुरा केलाच नाही. दर सणाला तो थोडा उघडायचा आणि झाकायचा. मी म्हणायचे, तू आमच्यासारख्यांचं हसं करतेस. तू म्हणायचीस, बाईंवर लोक जीव टाकतात, तुला दिसत नाही का? मला दिसत होतं. तुझ्या निवेदनापेक्षा लोक बाईंचीच जास्त वाट बघायचे. मंत्री, गायक, खेळाडू, सगळे रांगेत हात पुढे करून उभे. मला दिसत होतं, पण मी वर्गात उभी राहत होते.

सोमवारी मी "नखं" एवढा शब्द उच्चारला की पोरं तोंडावर हात धरायची. मी "कळलं?" म्हटलं की मागच्या बाकावरून बारीक आवाज यायचा, "काय कळलं?" मी ते सहन केलं. मग एक दिवस तपासणीला साहेब आले. वर्ग उभा राहिला. साहेब दारातच थांबले, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाले, "घ्या बाई, आधी माझी बघा!" सगळा वर्ग फुटला. साहेबांचा शिपाई हसला. व्हरांड्यात उभ्या असलेल्या आया हसल्या. साहेबांनी ते प्रेमानेच केलं होतं, मला आज कळतं. त्या दिवशी मला वाटलं, आपल्या अंगावरचं लुगडं भर बाजारात कुणीतरी ओढलं.

त्या गणपतीत तू घरी आलीस. आपण दोघी मागच्या विहिरीवर होतो. तू रहाटाने पाणी ओढत होतीस, मी हंडे भरत होते. मला म्हणायचं होतं, ताई, मला शाळेत तोंड दाखवायला जागा नाही, तू ती बाई बंद कर. एवढंच. पण असं थेट बोलायची सवय कुणाला होती? माझ्या तोंडून निघालं, "आईला फार लागलंय. आई म्हणते, थोरलीने धाकटीला चव्हाट्यावर आणलं."

तुझे हात रहाटावर थांबले. "आई असं म्हणाली?"

"हो."

"म्हणून ती आता शनिवारी टीव्ही लावत नाही?"

टीव्ही लावत नाही हे खरं होतं. आई दर शनिवारी संध्याकाळी भजनाला म्हणून बाहेर पडायची, आणि मी एकटी टीव्ही बंद ठेवून बसायचे. म्हणून मी पुन्हा "हो" म्हटलं. पण आई म्हणाली काहीच नव्हती, ताई. एक अक्षरही नाही.

तू म्हणालीस, "बरं." आणि कळशी भरून निघून गेलीस. आईला विचारलं नाहीस. आपल्यात विचारायची पद्धत नव्हती.

पुढच्याच महिन्यात करवंदेबाईंना टीव्हीवर बदलीची ऑर्डर आली. त्यांना तू मारलं नाहीस, निवृत्तही केलं नाहीस. त्यांची बदली केलीस. लांबच्या, नाव न सांगितलेल्या तालुक्यात. त्यांनी पेन काढून टेबलावर ठेवलं, रुमाल घडी करून कमरेला खोचला आणि कॅमेऱ्याकडे न बघता गेल्या. दुसऱ्या दिवशी एसटीत लोक चॅनलला शिव्या देत होते. बायका म्हणत होत्या, बाईंवर अन्याय झाला. आणि माझ्या वर्गात शांतता पसरली. हवी होती तशी.

त्यानंतर तुझा कार्यक्रम उतरत गेला. चॅनलवाले म्हणाले असतील, बाईंना परत आणा. तू आणलं नाहीस. पेपरात तू सांगितलंस, "पात्र म्हातारं झालं होतं." मग कार्यक्रमच बंद झाला. मधली काही वर्षं तुझ्याकडे फारसं काम नव्हतं, हे मला ठाऊक होतं. तू फोनवर जास्त वेळ बोलायला लागलीस त्यावरूनच कळायचं. तू पुन्हा उभी राहिलीस ती स्वतःच्या हिमतीवर. रंगभूमीवर परत गेलीस, आज्ज्यांची कामं केलीस, नव्या पोरींना हसवायचं कसं ते शिकवलंस. तुझ्या हाताखालच्या त्या मुली आता टीव्हीवर आहेत आणि त्यांच्या बोलण्यात मध्येच तुझी लकब येते तेव्हा मी मान ताठ करून बसते. पण बाईंचं काय झालं, हे तू त्यांनाही सांगितलं नाहीस.

आता चांगुणाचं सांगते. कोळीवाड्यातली चांगुणा, आपल्याकडे मासळी आणायची ती. बाईंची बदली झाल्यावर थोड्याच दिवसांनी ती पाटी घेऊन मागच्या दारी बसली होती. बोंबील निवडता निवडता म्हणाली, "म्हातारी शनवारची येत न्हाय आता."

"कुठे येत नाही?"

"आमच्याकं. टीवी बगायला."

मी म्हटलं, "आई तर भजनाला जायची."

चांगुणा इतकी हसली की बोंबील पाटीत टाकले तिने. "भजन कसलं गो! माज्या घरात बसून पदर तोंडात कोंबून हसायची. बोलायची, घरात बघितलं तर शैलीला वाईट वाटंल. बोलायची, माज्या दोघी पोरी एका बायत दिसतात मला. थोरलीसाठी मुंबईला जायला नको, न् धाकटीला बघायला शाळेत जायला नको."

मी बोंबील घेतले की नाही मला आठवत नाही.

तेव्हाच तुला फोन करायला हवा होता. मी रोज ठरवायचे. मग ठरवलं, पुढच्या भेटीत सांगू. पुढची भेट आली की वाटायचं, आता कार्यक्रमच बंद झाला, सांगून काय फायदा. असं करत माणूस किती वर्षं घालवू शकतो, हे मला विचार.

वादळात आपली नारळी-पोफळीची वाडी झोपली त्या साली तू आलीस. बरोबर कॅमेरा नाही, कुणी नाही, फक्त ताडपत्र्या आणि मेणबत्त्या. आई ओटीवर बसून पडलेल्या झाडांकडे बघत होती. आठवडा झाला होता, ती बोलत नव्हती. बाबांनी लावलेली माडाची झाडं मुळांसकट आडवी. पोफळी तर काडेपेटी सांडल्यासारख्या. तू तिच्या शेजारी बसलीस. आणि आईने, आयुष्यात पहिल्यांदा, मला मध्ये न घेता तुला थेट विचारलं, "कुंदा, त्या बाईंना परत कधी आणणार गं?"

तू माझ्याकडे पाहिलंस.

ताई, त्या नजरेत राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. तू नुसतं पाहिलंस, निरोप्याकडे बघावं तसं. मग आईकडे वळून म्हणालीस, "लांब बदली झालीय त्यांची. सरकारी काम, वेळ लागतो." उठलीस. माझ्या अंबाड्यातलं पेन काढून तुझ्या केसांत खोचलंस आणि वाडीत उतरलीस. एकेका पोफळीसमोर थांबून ओरडायला लागलीस, "काय हे? कुणी सांगितलं झोपायला? उभं राहता येत नव्हतं, निदान रांगेत पडायचं! हा माड बघा, दुसऱ्याच्या अंगावर! घरी असंच झोपतोस?" ताडपत्री बांधणारे गडी हसायला लागले. आई हसली. पदर तोंडात कोंबून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी काढत. त्या दिवशी ती दोन घास जेवली.

तू निघताना मी गाडीपर्यंत आले. म्हटलं, "ताई, विहिरीवर तेव्हा मी..." तू काच खाली करून म्हणालीस, "शैलू, पोहे छान झाले होते हो." आणि गेलीस. तू मला सोडवलंस की शिक्षा दिलीस, अजून ठरत नाही. पुढच्या वर्षी आई गेली.

हॉस्पिटलमध्ये मी शेवटची आले तेव्हा सांगायचंच असं ठरवून आले होते. तू वाळून गेली होतीस, पण वॉर्डातल्या सिस्टर तुझ्या खाटेपाशी रेंगाळत होत्या. तू म्हणालीस, "काहीतरी सांगायला आलीयस."

"नाही गं."

"अंगठा बघ तुझा."

अंगठा पदरावर होता.

"थेट सांगू नकोस," तू म्हणालीस. "आपल्यात पद्धत नाही. त्या सिस्टरला सांग, ती मला सांगेल."

आपण दोघी हसलो. मग ती सिस्टर खरंच आली, सलाईन बदललं, आणि भेटायची वेळ संपली असं म्हणाली.

परवा गावाने तुझी शोकसभा घेतली, शाळेच्या हॉलमध्ये. पुष्कळ लोक होते, श्रीवर्धनहून, म्हसळ्याहून आलेले. लांबलचक भाषणं झाली. मग सरपंच म्हणाले, "आता बाई दोन शब्द बोलतील." गावाला माहीत आहे, मी खरोखर दोनच बोलते.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "करवंदेबाई म्हणजे मी."

मला वाटलं होतं, हॉल हादरेल. मागून कुणीतरी म्हणालं, "ते माहितीय हो बाई." चांगुणा पहिल्या रांगेत बसली होती, काठी मांडीवर आडवी घेऊन. आता थकलीय ती. म्हणाली, "पैल्या दिसापासून ठाव हाय सगल्यांना. पुढं बोल."

पुढचं कुणालाच ठाऊक नव्हतं. ते मी सांगितलं. विहिरीवर काय बोलले ते. आईचं नाव घेतलं, आणि आई काही म्हणालीच नव्हती, ते. चॅनलने नाही, मी बंद करायला लावलं, ते. माझा आवाज मला परका वाटत होता. पंख्यांची घरघर ऐकू यायला लागली. मग माझीच एक जुनी विद्यार्थिनी उभी राहिली. "म्हणजे बाई, आम्ही उगाच त्या लोकांना शिव्या घातल्या? माझ्या आजीने रागाने केबल काढून टाकली होती."

"हो," मी म्हटलं. "त्या शिव्या माझ्या होत्या."

ती खाली बसली. माझ्याकडे न बघता.

चांगुणाने विचारलं, "म्हातारीला कललं व्हतं?"

"माहीत नाही."

"न् कुंदीला?"

"व्हय," मी म्हटलं. मला कळलंही नाही मी तिच्या बोलीत बोलले ते.

तिने काठीची मूठ चोळली. मग म्हणाली, "मंग आता तू कर."

"काय?"

"बाय कर. तू घालवलीस ना? तूच कर. इतकी मान्सं आलीत तिच्यासाटी."

ताई, मी केलं. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? पदर खोचला. समोर बघितलं. याच हॉलमध्ये मी जे वर्षानुवर्षं म्हणत आले तेच, त्याच आवाजात म्हटलं, "मागची रांग, बोलणं बंद. कोपऱ्यातला तो पंखा कुणी लावला? गरज आहे का? सरळ बसा."

कुणीही हसलं नाही. पाठी ताठ झाल्या. हातांच्या घड्या पडल्या. माझे जुने विद्यार्थी, डोक्यावरचे केस गेलेले, पोटं सुटलेले, श्वास धरून बसले. एकजण उठून खरंच पंखा बंद करून आला.

तेव्हा मला समजलं. तोच आवाज, तीच साडी, तेच शब्द, आणि लोक घाबरले. इतकी वर्षं मी धरून बसले होते, की तू मला उचलून टीव्हीवर ठेवलंस. कुठे ठेवलं होतंस? तुझी बाई रागवायची तेव्हा समोरचा वर्गात आलाय याचाच तिला आनंद झालेला असायचा. तो लपवण्यासाठी ती रागवायची. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, लोकांना माहीत नव्हतं, तुला माहीत होतं. माझ्यात ते होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. तुला दिसलं होतं एवढं खरं. बाकी सगळं तुझं. मी फार तर साडी पुरवली.

चांगुणाने हात हलवला. "बस गो खाली, मास्तरीणबाय. ही ती न्हाय. ही खरीच हाय."

आणि हॉल कोसळला. ती मघाशी रुसलेली विद्यार्थिनी, पंखा बंद करून आलेला तो, दारातले, खिडकीतले, सगळे. मीसुद्धा. पुढचे वक्ते माईकपाशी येऊन उभे राहिले तरी हसणं थांबेना. सरपंच अवघडून गेले. "शांतता राखा, शोकसभा आहे," म्हणत माझ्याकडे बघायला लागले, बाईंनी आता एक शब्द टाकावा म्हणून.

मी म्हटलं, "राहू दे हो. हसू दे त्यांना."